वाट पाहणारं शहर

युद्धाच्या दहाव्या दिवशी, ५ मार्च २०२२ रोजी, युक्रेनमधल्या सुमी शहरातून भारतीय विद्यार्थ्यांचा एक व्हिडिओ आला. मुलं सांगत होती, रशियाने दोन शहरांतल्या लोकांसाठी वाट मोकळी केल्याचं आत्ताच कळलं. त्यातलं एक मारियुपोल, आणि ते इथून सहाशे किलोमीटरवर आहे. आता थांबण्यात अर्थ नाही, आम्ही पायीच सीमेकडे निघतो, काही बरंवाईट झालं तर जबाबदारी सरकारची आणि दूतावासाची. शहरात गोळीबार सुरू होता, नळाला पाणी नव्हतं आणि ही मुलं बर्फ वितळवून पीत होती. निघू नका, आहात तिथेच थांबा, असा निरोप त्यांना लगेच गेला आणि ती थांबली.

तो व्हिडिओ त्या दिवशी आपल्याकडे घरोघरी पाहिला गेला. महाराष्ट्रातली शेकडो मुलं तेव्हा युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. त्यांना परत आणण्याच्या 'ऑपरेशन गंगा'चं पहिलं विमान २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन मुंबईतच उतरलं होतं. १ मार्चला खारकीव्हमध्ये किराण्यासाठी बाहेर पडलेला कर्नाटकचा एक विद्यार्थी मारला गेला आणि ज्यांची मुलं पूर्वेकडच्या शहरांत होती त्यांची झोपच उडाली. सुमी हे नाव आपल्याला पाठ झालं. मुलांच्या तोंडी आलेलं दुसरं नाव, मारियुपोल, कानावरून गेलं. तिथे ज्या वाटेची घोषणा झाली होती ती त्या दिवशी उघडलीच नाही, आणि पुढे कित्येक दिवस उघडली नाही. एखादी वाट जाहीर होते आणि तरी बस जागची हलत नाही, असं का होतं, हे समजून घ्यायचं तर मारियुपोलकडेच पाहावं लागतं.

मारियुपोल हे अझोव्ह समुद्राकाठचं बंदर. युद्धाआधी वस्ती सव्वाचार लाखांच्या आसपास. शहरात पोलादाचे दोन अवाढव्य कारखाने, इलिच आणि अझोव्हस्ताल. शहराचा मोठा रोजगार त्यांच्यावर. मार्चच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रशियन फौजांनी शहराला चारही बाजूंनी घेरलं. त्यानंतर वीज गेली, विजेपाठोपाठ पाणी, मग घरं गरम ठेवणारी यंत्रणा, मग फोन आणि शेवटी गॅस.

वेढा आणि रसद हे शब्द आपल्याला गडकिल्ल्यांच्या इतिहासातून माहीत आहेत. गडावर धान्याची कोठारं असत, पाण्याची टाकी असत, आणि वेढा किती महिने झेलता येईल याचा हिशेब त्यावरून मांडला जाई. आजच्या शहराला अशी कोठारं नसतात. त्याचं पाणी पंपावर चढतं आणि पंप विजेवर चालतो. दुकानातला माल दोन-चार दिवसांचा, औषधाच्या दुकानातला आठवड्याचा. दहाव्या मजल्यावरचं घर लिफ्ट आणि नळ चालू असेपर्यंतच घर असतं. म्हणून आधुनिक शहर वेढ्यात महिने काढत नाही, आठवड्याभरातच त्याच्या नाकातोंडाशी पाणी येतं.

मारियुपोलमध्ये तेच झालं. बाहेर शून्याखाली तापमान, आत तळघरात माणसं. लोकांनी अंगणातला बर्फ बादल्यांत भरून वितळवला, हीटरच्या नळ्यांमधलं गंजकं पाणी काढून उकळलं. सोसायटीच्या चौकात विटांच्या चुली मांडल्या, त्यात झाडांच्या फांद्या घातल्या आणि मग घरातल्या खुर्च्या. झऱ्यावर पाण्याला जायचं तर तोफांच्या माऱ्यातून जायचं. गेलेल्यांना स्मशानापर्यंत नेता येईना, तेव्हा इमारतीच्या समोरच, मुलांच्या खेळण्याच्या जागेशेजारी खड्डे खणले गेले. १० मार्चला तिथल्या रेड क्रॉसच्या एका अधिकाऱ्याने सॅटेलाइट फोनवरून ध्वनिसंदेश पाठवला. त्याच्याच इमारतीत ६५ जण आसऱ्याला होते. तो अगदी सपाट आवाजात सांगत होता, दुकानं आणि औषधांची दुकानं चार-पाच दिवसांपूर्वीच रिकामी झाली, काहींकडे थोडं अन्न उरलंय, लोक थंडीने आजारी पडताहेत आणि खाण्यावरून एकमेकांच्या अंगावर जाऊ लागलेत. मदत देणाऱ्या संस्थेचा माणूस स्वतःच मदतीची वाट पाहत होता.

आता 'मदत पाठवा' म्हणजे किती, याचा साधा हिशेब करून पाहू. संकटातल्या माणसाला पिणं, रांधणं आणि जुजबी स्वच्छता यांसाठी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागतं, असं मदतकार्याचं जगभर मानलेलं प्रमाण आहे. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी मारियुपोलमधून २ लाख लोकांना बाहेर काढायचं ठरलं होतं. तेवढ्यांनाच धरलं तरी दिवसाला ३० लाख लिटर पाणी. मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला हे टँकरच्या भाषेत लगेच कळेल: दहा हजार लिटरचे ३०० टँकर, आणि तेही रोज. माणशी अर्धा किलो शिधा धरला तर रोज १०० टन धान्य. एखाद-दुसरा मदतीचा ताफा आत पोचल्याचा फोटो येतो तेव्हा मनाला बरं वाटतं, पण वेढ्यातल्या शहराला ताफा पुरत नाही. त्याला रोजची, खंड न पडणारी वाहतूक लागते. म्हणूनच अशा वेळी दोन गोष्टी एकदम मागितल्या जातात: मदत आत येऊ द्या आणि ज्यांना निघायचंय त्यांना बाहेर जाऊ द्या. बातम्यांत 'मानवतावादी कॉरिडॉर' म्हणतात तो याच दुहेरी मागणीचा रस्ता.

५ मार्चचा बेत असा होता. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत बंदुका थांबतील, शहरातल्या ठरलेल्या जागांवरून बस सुटतील आणि युक्रेनच्या ताब्यातल्या झापोरिझ्झिया शहराकडे जातील. हे अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. लोक पिशव्या घेऊन जमलेही. पण तोफांचा मारा थांबला नाही, आणि काही तासांत बेत रद्द झाला. युक्रेन म्हणालं रशियाने शब्द मोडला, रशिया म्हणाला युक्रेननेच लोकांना अडवलं. दुसऱ्या दिवशी, ६ मार्चला, पुन्हा तोच प्रयत्न आणि तीच गत. ७ मार्चला रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे मोहिमांचे प्रमुख डॉमिनिक स्टिलहार्ट यांनी बीबीसीला जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाटतं. त्यांची माणसं ठरलेल्या रस्त्याने निघायला सज्ज झाली, तेव्हा ध्यानात आलं की त्यांना दाखवलेल्या रस्त्यात भुईसुरुंग पेरलेले आहेत.

म्हणजे राजधान्यांमध्ये 'हो' म्हटलं गेलं होतं, पण रस्त्याला ते ठाऊक नव्हतं.

कॉरिडॉर हा डांबराचा रस्ता नसतो. तो काही तासांसाठी, काही माणसांनी, एका विशिष्ट पट्टीवर दिलेला शब्द असतो. हा शब्द वरच्या माणसाने देऊन भागत नाही. चौकीवर उभ्या असलेल्या विशीतल्या सैनिकापर्यंत, टेकाडामागच्या तोफेवरच्या पथकापर्यंत तो पोचावा लागतो, आणि तोही वेळेत. कोणता रस्ता, कोणती गावं, कोणत्या पुलावरून, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, बस किती, त्यांच्या पाट्यांचे नंबर काय, चालक कोण, बसायची मुभा कोणाला, झडती कोण घेणार, कुठे घेणार, सुरुंग कोण काढणार, अंधार पडला तर ताफ्याने रात्र कुठे काढायची, हे सगळं दोन्ही बाजूंच्या कागदावर सारखंच असावं लागतं. यातली एक बाब जरी सुटली तरी बस थांबते. ६ मार्चच्या अपयशानंतर रेड क्रॉसने नेमकं हेच सांगितलं, की दोन बाजूंमध्ये तपशीलवार आणि चालू शकेल असा करारच झालेला नाही.

संयुक्त राष्ट्रांची मदत समन्वय यंत्रणा आणि रेड क्रॉस आपापल्या ताफ्यांची माहिती दोन्ही सैन्यांना आधी कळवतात. नकाशावरची नेमकी जागा, गाड्या, वेळ. पुष्कळांना वाटतं की असं कळवलं म्हणजे संरक्षण मिळालं. तसं नसतं. 'आम्ही इथून जाणार आहोत, आम्हाला मारू नका' एवढंच त्यातून सांगितलेलं असतं; ऐकायचं की नाही हे बंदूकधाऱ्याच्या हाती राहतं. मारियुपोलमध्ये रेड क्रॉसवर लोकांचा राग निघाला, आणि तो समजण्यासारखाही होता. पण या संस्थेकडे सैन्य नाही, रस्ता जबरदस्तीने उघडायची ताकद नाही. तिच्याजवळ दोन्ही बाजूंचा भरवसा एवढंच भांडवल असतं, आणि तो भरवसा टिकवण्यासाठी तिला अनेकदा अशा वेळी मोजकं बोलावं लागतं, जेव्हा ऐकणाऱ्याला तिने ओरडावं असं वाटत असतं.

इथे कायदा काय म्हणतो? तो आपण समजतो त्याहून कच्चा आहे, आणि एकेकाळी तर फारच क्रूर होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने लेनिनग्राड ८७२ दिवस वेढून ठेवलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये तिथल्या मुलांच्या आणि काम न करणाऱ्या माणसांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येत होता. या आघाडीचा सेनापती फॉन लीब याच्यावर न्यूरेंबर्गमध्ये खटला चालला, तेव्हा वेढ्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या नागरिकांवर तोफा डागण्याचा आदेशही न्यायालयापुढे आला. १९४८ साली न्यायाधीशांनी निकाल दिला की कायदा याहून वेगळा असता तर बरं झालं असतं, पण आहे त्या कायद्यानुसार हा आदेश गुन्हा ठरत नाही. हे वाचताना अंगावर काटा येतो. भुकेने मारणं हे तेव्हा युद्धाचं मान्य हत्यार होतं आणि पळणाऱ्यांना पुन्हा भुकेकडे हाकलणंही त्यातच बसत होतं.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, चौथा जिनिव्हा करार झाला. त्याच्या १७व्या कलमात वेढ्यातल्या जखमी, आजारी, वृद्ध, मुलं आणि बाळंतिणी यांना बाहेर काढण्याची तरतूद आली. पण शब्द कसे आहेत पाहा: दोन्ही बाजूंनी तसा स्थानिक करार करण्याचा प्रयत्न करावा. करार केलाच पाहिजे, असं ते कलम म्हणत नाही. नागरिकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं साधन म्हणून वापरायला बंदी आली ती १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये, आणि १९९८ च्या रोम करारात तो युद्धगुन्हा ठरला. एवढं होऊनही वेढा घालणं हे आजही मुळात बेकायदा नाही. आत शत्रूचे सैनिक असतील तर घालता येतो. आतल्या सैनिकांना कोंडताना त्यांच्याबरोबर कोंडल्या गेलेल्या लाखोंचं काय, या प्रश्नाचं उत्तर कायदा अर्धंच देतो. उरलेलं अर्धं दर वेळी त्या त्या रस्त्यावर, त्या त्या दिवशी घासाघीस करून मिळवावं लागतं.

आणि एक गोष्ट कायद्यात स्पष्ट आहे, पण युद्धात ती हटकून विसरली जाते. वाट दिली होती, तरी जे गेले नाहीत, ते म्हणून शत्रू ठरत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून न जाणारा मुलगा दुसऱ्या दिवशीही नागरिकच असतो. 'आम्ही त्यांना संधी दिली होती' हे वाक्य ज्या ज्या युद्धात ऐकू येईल तिथे कान टवकारावेत, कारण त्याच्या मागून बहुधा मोठा मारा येतो.

सुमीची मुलं ७ मार्चला बसमध्ये चढली आणि त्यांना खाली उतरवलं गेलं. वाटेची खात्री नव्हती. त्याच दिवशी भारताच्या पंतप्रधानांनी रशियाचे पुतिन आणि युक्रेनचे झेलेन्स्की या दोघांशी फोनवर चर्चा केली होती. ८ मार्चला बस निघाल्या. ६९४ भारतीय विद्यार्थी होते. रेड क्रॉसही सोबत होतं. जवळपास पावणेदोनशे किलोमीटरवरचं पोल्टाव्हा गाठायला दिवस गेला. तिथून रेल्वेने ल्विव्ह, मग पोलंड, मग विमान. त्या दिवशी त्याच वाटेने हजारो युक्रेनी लोकही निघाले. आणि त्याच ८ मार्चला मारियुपोलची वाट पुन्हा बंद राहिली.

एकाच दिवशी एक वाट उघडते आणि दुसरी उघडत नाही, याची कारणं नकाशावर दिसतात. सुमीहून निघालेला रस्ता युक्रेनच्या ताब्यातल्या मुलखात जात होता आणि तिथल्या अडकलेल्यांमागे एक मोठा देश उभा होता, ज्याला दोन्ही बाजू नाराज करू इच्छित नव्हत्या. मारियुपोलहून झापोरिझ्झियाला जायचं तर जवळपास सगळा रस्ता रशियाच्या ताब्यातला. शिवाय वाद दिशेचाही होता. ७ मार्चला रशियाने काही शहरांसाठी ज्या वाटा जाहीर केल्या त्या रशियात आणि बेलारूसमध्ये नेणाऱ्या होत्या. ज्या देशाचे बॉम्ब पडताहेत त्याच देशात आसऱ्याला जा, हे युक्रेनने धुडकावून लावलं. अडकलेल्या माणसाचा हक्क नुसता निघण्याचा नसतो, कुठे जायचं हे ठरवण्याचाही असतो. कोणालाही बळाने दुसऱ्याच्या मुलखात हलवायला जिनिव्हा कराराची मनाई आहे, ती यासाठीच.

९ मार्चला मारियुपोलच्या प्रसूती रुग्णालयावर बॉम्ब पडला. असोसिएटेड प्रेसचे मस्तिस्लाव चेर्नोव्ह आणि एव्हगेनी मालोलेत्का तेव्हा शहरात होते. त्यांच्या चित्रणामुळे जगाला ते दिसलं. चेर्नोव्ह यांच्या तिथल्या वीस दिवसांवरच्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळालं. पण मला त्यापेक्षा एका शब्दाबद्दल सांगायचंय. शहराच्या मध्यभागी नाट्यगृहाची मोठी देखणी इमारत होती. बस सुटतील तर इथूनच सुटतील, या आशेने लोक तिथे येऊन राहिले होते. शेकडो माणसं तळघरात, गॅलऱ्यांत, मेकअपच्या खोल्यांत. बाहेर सैनिकी खानावळीसारखी चूल पेटवलेली. कोणीतरी इमारतीच्या पुढे आणि मागे, फरसबंदीवर, विमानातून दिसतील एवढ्या पांढऱ्या अक्षरांत रशियन भाषेत एकच शब्द लिहिला: 'द्येती'. म्हणजे मुलं. १४ मार्चच्या उपग्रहचित्रात तो स्वच्छ वाचता येतो. १६ मार्चला त्या इमारतीवर बॉम्ब टाकला गेला. किती गेले याचे आकडे जुळत नाहीत. असोसिएटेड प्रेसच्या तपासात ते ६०० च्या जवळपास निघाले.

शहर सोडणारेही तोच शब्द घेऊन निघाले. १४ मार्चला पहिल्यांदा खासगी गाड्यांचा ताफा शहराबाहेर पडू शकला, सुमारे १६० गाड्या. दुसऱ्या दिवशी २,००० च्या आसपास. काचा फुटलेल्या, काचांच्या जागी प्लास्टिक चिकटवलेलं, आरशांना आणि दारांच्या मुठींना पांढऱ्या चिंध्या बांधलेल्या, आणि काचेवर कागदाचा फलक, 'द्येती'. पाच जणांच्या गाडीत नऊ-दहा माणसं. या ताफ्यांची बातमी शहरात कशी पसरली हेही लक्षात घेण्यासारखं आहे. घोषणा होत होत्या इंटरनेटवर, आणि शहरात ना इंटरनेट होतं ना फोन चार्ज करायला वीज. शेजारी गाडीत गाद्या टाकताना दिसला, म्हणून विचारलं, म्हणून कळलं, म्हणून निघालो, अशा हकिकती निसटलेल्यांनी वारंवार सांगितल्या. तळघरात खोल बसलेल्या कित्येकांना आपल्यासाठी कधी वाट खुली होती हे कळलंही नाही. गाडी नसलेला, पेट्रोल नसलेला, जिना उतरू न शकणारा माणूस तर कळूनही तिथेच राहिला. बस आल्या असत्या तर त्यांच्यासाठीच आल्या असत्या.

निघाल्यावरही सुटका लगेच नव्हती. वाटेत पंधरा-वीस चौक्या. फोन तपासायचा, त्यातले फोटो आणि संदेश बघायचे, पुरुषांना कपडे काढायला लावून अंगावर गोंदण किंवा बंदुकीच्या दस्त्याचे वळ आहेत का पाहायचं, बोटांचे ठसे घ्यायचे. रशियन फौजा याला 'फिल्ट्रेशन' म्हणत, म्हणजे गाळणी. मानहुश, बेझिमेन्ने अशा गावांत त्याची केंद्रं होती. काही तासांच्या अंतराला दोन-दोन दिवस लागले.

रेड क्रॉसचा ताफा एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा आत जायला निघाला. १ एप्रिलला तीन गाड्या आणि नऊ माणसं. मदतीच्या सामानाला परवानगी न मिळाल्याने ते मागेच ठेवावं लागलं होतं. तरीही पुढे जाता आलं नाही आणि ती माणसं परत फिरली. ४ एप्रिलला मानहुशमध्ये पथकालाच अडवून ठेवलं गेलं, रात्री सोडलं. ६ एप्रिलला ते झापोरिझ्झियाला परतले ते ५०० हून अधिक लोकांच्या बस आणि गाड्या सोबत घेऊन. ही माणसं आपापल्या जिवावर मारियुपोलमधून निसटून बेर्द्यान्स्क शहरापर्यंत आलेली होती. खुद्द मारियुपोलमध्ये पथकाला पाऊल टाकता आलं नाही.

वेढ्यातून माणसं काढण्याचा हा खेळखंडोबा नवा नाही. १८७० च्या फ्रान्स–प्रशिया युद्धात स्ट्रासबुर्गच्या वेढ्यातून नागरिकांना बाहेर काढायला शेजारच्या स्वित्झर्लंडमधले प्रतिष्ठित नागरिक दोन्ही सेनापतींकडे गेले होते, आणि दोघांनी होकार दिल्यावरच लोक बाहेर पडू शकले. श्रीलंकेत २००९ मध्ये यादवी युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत अडकलेल्या तमिळ नागरिकांसाठी जमिनीवर वाटच उरली नाही, तेव्हा रेड क्रॉसने समुद्रातून ती काढली. जहाज बाहेर उभं राहायचं आणि मच्छीमारांच्या छोट्या होड्यांतून जखमींना त्याच्यापर्यंत न्यायचं. असे जवळपास १४,००० जखमी, आजारी आणि त्यांचे सोबती निघाले. सिरियातल्या अलेप्पोमधून डिसेंबर २०१६ मध्ये सुमारे ३५,००० लोक बसने बाहेर आले, पण त्या करारात दूरच्या दोन गावांतल्या माणसांचीही अट जोडलेली होती. त्या गावांकडे निघालेल्या काही बस बंडखोरांनी जाळल्या आणि कुडकुडत्या थंडीत उभे असलेले अलेप्पोचे लोक आणखी ताटकळले. एकाच्या सुटकेला दुसऱ्याच्या सुटकेची गाठ मारली की असं होतं. पण अनेकदा ती गाठ मारल्याशिवाय कोणीच सुटत नाही.

एप्रिलच्या मध्यापर्यंत मारियुपोलमधला लढा अझोव्हस्तालच्या आवारात गोळा झाला. अकरा चौरस किलोमीटरचा कारखाना, आणि त्याच्या पोटात सोव्हिएत काळात बांधलेले बंकर आणि बोगदे. आत युक्रेनी सैनिक होते आणि त्यांच्यासोबत कामगारांची कुटुंबं, शेजारच्या वस्त्यांतल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं. चार दिवस काढू म्हणून आलेली माणसं दोन महिने खाली होती. वरच्या माऱ्याने जमीन हादरायची, भिंतींतून ओल पाझरायची, कपडे कधी वाळायचेच नाहीत. बाळांची लंगोटं संपली तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या चिकटपट्टीने बांधल्या गेल्या. हात धुण्याचं सॅनिटायझर पेटवून त्यावर अन्न गरम केलं गेलं. करोनाच्या साथीत आपण सगळ्यांनीच ती बाटली खिशात बाळगली होती; तिची ज्योत बंकरमध्ये चुलीचं काम करत होती. २१ एप्रिलला पुतिन यांनी कारखान्यावर चढाई करू नका, पण माशीसुद्धा आतबाहेर जाणार नाही असा बंदोबस्त करा, असा जाहीर हुकूम दिला.

२६ एप्रिलला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनिओ गुटेरेश मॉस्कोला गेले. अझोव्हस्तालमधल्या नागरिकांना काढण्यात संयुक्त राष्ट्रं आणि रेड क्रॉस यांनी भाग घ्यावा याला तिथे तत्त्वतः मान्यता मिळाली. मग ते कीव्हला गेले. मार्चमध्ये जे जमलं नव्हतं ते बारीकसारीक काम पुढच्या तीन दिवसांत झालं: माणसं नेमकी कुठून वर येतील, किती वेळ मारा थांबेल, कोणत्या ठिकाणी बस उभ्या राहतील. २९ एप्रिलला ताफा निघाला, १ मेपर्यंत पहिली माणसं कारखान्याच्या ढिगाऱ्यांतून चढत बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून, कारण दोन महिन्यांत त्यांनी उजेड पाहिला नव्हता.

मे महिन्यात अशा तीन फेऱ्या झाल्या आणि सगळ्या मिळून ६०० हून अधिक लोक सुखरूप आले. ७ मेला युक्रेनने सांगितलं की कारखान्यातली सगळी मुलं, बायका आणि म्हातारी माणसं निघाली. सैनिकांनी त्यानंतर शस्त्रं ठेवली. शहरातल्या ९० टक्क्यांपर्यंत रहिवासी इमारती नष्ट झाल्याचं किंवा त्यांची मोडतोड झाल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नोंदवलं. नंतर ह्यूमन राइट्स वॉच आणि सहकारी संस्थांनी कबरस्तानांची उपग्रहचित्रं आणि फोटो घेऊन एकेक कबर मोजली, तेव्हा मार्च २०२२ पासूनच्या वर्षभरात नेहमीच्या मृत्यूंपेक्षा किमान ८,०३४ मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं. ढिगाऱ्यांखालचे यात धरलेले नाहीत.

मराठीत थांबण्याला 'वाट पाहणं' म्हणतात, आणि झापोरिझ्झियाच्या कडेला एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये लोक अक्षरशः तेच करत उभे होते. मारियुपोलहून येणाऱ्या गाड्या तिथे थांबायच्या. आत तंबू, गरम चहा, डॉक्टर, नावं लिहून घेणारे स्वयंसेवक. आधी निसटून आलेले लोक रोज तिथे यायचे आणि दक्षिणेकडून येणाऱ्या रस्त्याकडे डोळे लावून बसायचे. ३ मेला दुपारी पांढऱ्या बस त्या पार्किंगमध्ये शिरल्या. अझोव्हस्तालमधून १०१ जण बाहेर आले होते, वाटेत मानहुशमध्ये ५८ जण जोडले गेले. पार्किंगमध्ये उतरले १२७. बाकीच्यांनी पुढे यायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांच्यातल्या काहींची माणसं अजून मागेच होती. बसची दारं उघडली तसे वाट पाहणारे पुढे झाले, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला थांबवून एकेक नाव विचारू लागले.